सात नळ्यांचा कापूस

माझ्या कामाच्या पिशवीत कापूस नेहमी असे. डॉक्टरच्या पिशवीत असतो तसा, आणि उपयोगही जवळजवळ तोच. डॉक्टर रक्त थांबवतो, मी आवाज थांबवी. एक नळी सुरात लावताना शेजारची मध्ये बोलू नये म्हणून तिच्या तोंडात कापसाचा बोळा घालायचा आणि काम झाले की काढायचा. सदतीस वर्षांत मी किती बोळे घातले याची मोजदाद नाही. काढायचे राहिले ते एकदाच, आणि ते सात होते. हे लिहिणे त्या सातांविषयी आहे. बाकीच्या कारकिर्दीत वाचकांना रस असेल असे मला वाटत नाही.

तरी धंदा कोणता ते सांगितले पाहिजे. माझे वडील सांगलीत पेट्या दुरुस्त करीत. नाटक कंपन्यांचे ऑर्गनही त्यांच्याकडे येत. मी सुरांचे काम तिथे शिकलो. पुढे मुंबईत वीस वर्षे पियानो लावले आणि तिथून दोह्याला गेलो. एका वाद्यांच्या कंपनीत सतरा वर्षे होतो. हॉटेलांतले, शाळांतले आणि बंगल्यांतले पियानो सुरात ठेवणे हे माझे काम. लोक पियानोला फर्निचर समजतात. एका हॉटेलात पियानोच्या पोटात बर्फाची बादली ठेवलेली मला सापडली. कारण विचारले तेव्हा मॅनेजर म्हणाला, “तिथे थंड राहतो.” अल दुहैलच्या एका कंपाउंडमध्ये पुण्याचे एक कुटुंब होते. त्यांनी गणपतीचे मखर पियानोवरच मांडले होते. विसर्जनानंतर मला बोलावले.

“काका, आत थोडं हळदीकुंकू सांडलंय,” बाई म्हणाल्या. “आणि थोडं पंचामृत.”

“आय टोल्ड यू, आई,” मुलगी म्हणाली.

“तू गप्प बस. काका, सुराला काही होणार नाही ना? देवाचंच आहे.”

देवाचे होते, पण मध चिकट होता. दोन दिवस लागले.

असे चालले असता दोह्यात एक ऑर्गन आला. मराठी वाचकाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटकाच्या रंगमंचापुढची पायपेटी आठवते. तो हा नव्हे. हा नळ्यांचा ऑर्गन. एका खोलीएवढे लाकडी कपाट, त्यात उभ्या केलेल्या शेकडो नळ्या, खाली विजेवर चालणारा भाता. पट्टी दाबली की तिच्या नळीत वारा शिरतो आणि नळी बोलते. सर्वांत मोठी नळी माणसापेक्षा उंच, सर्वांत लहान करंगळीच्या पेराएवढी. एका जातीच्या नळ्यांचा एक संच असतो आणि प्रत्येक संचाला एक दांडा. दांडा ओढला की तो संच जागा होतो, ढकलला की झोपतो. एवढे कळले की पुढचे सारे कळेल.

युरोपातले एक चर्च बंद झाले होते. त्याचा हा ऑर्गन अबू हमूरजवळच्या धार्मिक संकुलातल्या एका प्रार्थनागृहाला भेट मिळाला. तो मागवण्याच्या खटपटीत होता एक फ्रेंच म्हातारा. त्याचे नाव ओदिलों.

ओदिलोंची कथा त्याने मला एका बैठकीत कधी सांगितली नाही. तो ती तुकड्यातुकड्याने सांगे, तेही मी नळ्यांत डोके घालून बसलेला असताना. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात पाववाल्याच्या घरी त्याचा जन्म झाला. भट्टीला वारा घालणे हे त्याचे पहिले काम आणि गावच्या चर्चमधल्या ऑर्गनचा भाता हलवणे हे दुसरे. “दोन्हीकडे वाराच,” तो म्हणे. “फक्त पाव खाता येतो.” अकराव्या वर्षी तो स्वतः वाजवायला बसला. पुढे चाळीस वर्षे एका मोठ्या शहरातल्या चर्चचा ऑर्गन आणि गायनवृंद त्याच्याकडे होता. मग त्यांनी त्याला पदक दिले आणि घरी पाठवले. एसीच्या वाऱ्याने स्वरलिपीचे कागद उडू नयेत म्हणून ते पदक तो कागदांवर ठेवी. बायको वारली होती. जावई दोह्यात स्टेडियमच्या बांधकामावर इंजिनिअर होता. लेकीच्या बाळंतपणासाठी ओदिलों तीन महिन्यांकरता आला आणि सहा वर्षे राहिला.

आम्ही इंग्रजीत बोलत असू. त्यात नुकसान इंग्रजांचे होते, आमचे नव्हते. त्याने पहिल्याच भेटीत मला सांगितले, “तुमचे नाव गाऊन सांगा.” वृंदात येणाऱ्या प्रत्येकाची तो हीच परीक्षा घेई.

“मी सूर लावतो. गात नाही,” मी म्हणालो.

“मग नुसते सांगा.”

“करमरकर.”

या आडनावात तीन र आहेत, आणि फ्रेंच माणसाचा र घशातून येतो. त्याने तीन वेळा प्रयत्न केला. चौथ्या वेळी जवळच्या माणसाने त्याला पाणी आणून दिले. तेव्हापासून तो मला मास्तर म्हणू लागला.

तो शब्द त्याने हसनकडून उचलला. हसन रत्नागिरीकडचा. पंचेचाळिशीचा असेल. संकुलातले सगळे एसी त्याच्या ताब्यात. ऑर्गनवाल्याला एसीवाला कशाला, असे वाचक विचारतील. हवा तापली की नळीचा सूर चढतो. निवली की उतरतो. दोह्याच्या उन्हाळ्यात बंद खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. मी बावीस अंशांवर सूर लावी. ते बावीस अंश हसनने राखले नाहीत, तर माझे काम पाण्यात. सूर मी लावीत असे, ठेवीत असे हसन. हे तो मला विसरू देत नसे.

“मास्तर, तुमचा हा बाजा म्हणजे सासुरवाशीण सून,” तो म्हणे. “जरा गरम झालं की आवाज चढलाच.”

“तू बटणाला हात लावू नकोस म्हणजे झाले.”

“हात मी लावत नाय. बायका लावतात. एकीला थंडी वाजते, एकीला उकडतं. शेवटी कुलूप घातलं मी बटणाला. आता दोघी मलाच शिव्या देतात.”

ऑर्गन जहाजाने हमद पोर्टला आला तेव्हा तो सोडवायला ओदिलों आणि मी गेलो होतो. रस्ते सगळे खणलेले. फुटबॉलचा विश्वचषक यायचा होता. काल जिथून वळलो तिथे आज भिंत असे आणि उद्या पूल असे. मी कुठेही जायला तासभर आधी निघत असे आणि त्यातला अर्धा तास चुकत असे. पोर्टवर पेट्या उघडल्या. कस्टमच्या अधिकाऱ्याने कागद पाहिला, नळ्या पाहिल्या, पुन्हा कागद पाहिला.

“कागदावर वाद्य लिहिले आहे,” तो म्हणाला. “या तर पाण्याच्या नळ्या.”

“वाऱ्याच्या,” मी म्हणालो.

“एसीच्या?”

पेटीतून हातभर लांबीची एक नळी काढून ओदिलोंने खालून तोंडाने फुंकली. स्वच्छ सूर निघाला. अधिकारी बघत राहिला. ओदिलोंने दुसरी नळी त्याच्या हातात दिली आणि तिसरी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या नेपाळी माणसाच्या. चौथी माझ्या हातात आली. मग त्याने हात वर केला. त्याला समोर तीन माणसे उभी दिसली की तो त्यांचा वृंद करी. तो त्याचा आजारच होता. त्याच्यासकट आम्ही चौघांनी फुंकले आणि त्या गोदामात चार सुरांची एक संगती लागली. सहा-सात सेकंद टिकली असेल. अधिकाऱ्याने नळी तोंडातून काढली, पुसली, आणि म्हणाला, “पुन्हा.”

तीन वेळा झाले. मग शिक्का बसला.

“कसे झाले, मास्तर?” परतताना ओदिलोंने विचारले.

“चालेल,” मी म्हणालो.

हा शब्द त्याने लक्षात ठेवला. पुढे प्रत्येक तालमीनंतर तो विचारी आणि मी तेच उत्तर देई. एकदा त्याने हसनला त्याचा अर्थ विचारला. हसनने आपल्या हिंदीमिश्रित इंग्रजीत सांगितले, आणि मला मराठीत ऐकवले: “मी सांगितलं, याच्यावर मास्तरांकडे काय नाय. हे मिळालं तर घ्या आणि गप्प घरी जा.”

ओदिलोंने सहा वर्षांत चाळीस माणसांचा वृंद उभा केला. परिचारिका, कारकून, दोन शिक्षिका, क्रेन चालवणारा घानाचा एक तगडा माणूस. तो खालच्या आवाजात गाऊ लागला की बाक थरथरत. प्रार्थना शुक्रवारी, कारण तिथली सुट्टी शुक्रवारची. तालीम गुरुवारी संध्याकाळी. ऑर्गन वाजवणाऱ्याची पाठ वृंदाकडे असते, म्हणून त्याच्या डोक्यावर एक आरसा बसवलेला असतो. त्यात पाहून तो सगळ्यांना ताब्यात ठेवतो. ओदिलोंच्या शिस्तीतला अर्धा वाटा त्या आरशाचा होता. उशिरा आलेला माणूस पाय न वाजवता शिरे आणि समोरून आवाज येई, “शुभ संध्याकाळ, मिस्टर क्वामे.”

विश्वचषकाच्या आधी बाहेरून पाहुणे येणार होते. त्यांच्यासाठी वृंदाचा एक मोठा कार्यक्रम ठरला. ओदिलों तेव्हा शहात्तर वर्षांचा होता. जावयाचे काम संपत आले होते. कार्यक्रमानंतर सगळे कुटुंब फ्रान्सला परतणार होते. म्हणजे हा त्याचा शेवटचा कार्यक्रम. हे तो बोलत नसे, पण तालमी आठवड्याला एकीच्या तीन झाल्या होत्या.

कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. मी मागच्या बाकावर बसून एक सैल पट्टी दुरुस्त करीत होतो. ओदिलों मध्येच थांबला.

“मास्तर! वरच्या नळ्या मेल्या आहेत.”

सर्वांत बारीक नळ्यांचा जो संच, त्याच्या टोकाच्या सात नळ्यांविषयी तो बोलत होता. त्यांचा सूर फार उंच असतो. असा सूर कानाने लावणे कठीण. त्यासाठी काट्याचे एक छोटे यंत्र असते. मी काही वर्षे तेच वापरत असे. कान दमतो, असे मी सांगत असे.

“मेलेल्या नाहीत,” मी म्हणालो. आदल्याच आठवड्यात त्या मी काट्यावर लावल्या होत्या.

“मी वाजवतो आहे. बोलत नाहीत. ही पाहा. ही. ही.” तो एकेक पट्टी दाबत राहिला.

पुढच्या रांगेत लोर्ना उभी होती. ती फिलिपिन्सची परिचारिका. वृंदातला सर्वांत उंच आवाज तिचा. तिने कानात बोट घातले.

“मॉस्यू, बोलताहेत की,” ती म्हणाली. “माझं डोकं दुखायला लागलं.”

चार जण हसले. ओदिलों हसला नाही. त्याने आरशात पाहिले. मग दांडा आत ढकलला आणि म्हणाला, “पुढे.”

हसू मागे बसलेल्या, प्रार्थनागृहाचा कारभार पाहणाऱ्या सचिवांनीही ऐकले. सोमवारी त्यांनी मला बोलावले.

“सरळ विचारतो, मिस्टर करमरकर. नळ्या मेल्या आहेत की कान?”

“तपासून सांगतो.”

“गुरुवारी माझ्यासमोर तपासा आणि लेखी द्या. नळ्या ठीक असतील, तर कार्यक्रम शाळेतला तो तरुण संगीतशिक्षक घेईल. मला वाईट वाटते. पण पाहुण्यांसमोर हा गृहस्थ मध्येच थांबून ‘मेल्या, मेल्या’ म्हणू लागला तर काय करायचे?”

त्यांचे चुकत नव्हते. सचिव दुष्ट नव्हते. सचिव होते.

मंगळवारी मी ऑर्गनमध्ये शिरलो. या कामाला दोन माणसे लागतात. एक आत नळ्यांपाशी, दुसरा बाहेर पट्ट्यांपाशी. बाहेर हसनला बसवले. त्याने पट्टी दाबली. मी यंत्र धरले. काटा मध्यावर स्थिर.

“बोलते आहे ना?” मी विचारले.

“बोलतंय काय! कानात सुई घातल्यासारखं वाटतंय. बारीक पाखरू ओरडतंय बगा.”

सातही नळ्या तपासल्या. साती ठीक होत्या. म्हणजे लेखी काय द्यायचे हेही ठीक होते. मी आत उभा राहिलो. हमद पोर्टवरचा तो अधिकारी नळी पुसत होता ते आठवले. याहून अधिक काही मनात आल्याचे मला स्मरत नाही.

पिशवीतून कापूस काढला. सात बोळे वळले. साती नळ्यांत एकेक घातला.

“दाब.”

“दाबलंय. पाखरू गेलं.” हसन उठून आत डोकावला. “मास्तर, ही काय दवा?”

“धूळ आहे.”

“धूळ तर तुमी आता घालताव!”

“हसन, तू एसीचे बघ.”

“एसीचं बगतंय मी,” तो म्हणाला. “तुमचंही बगतंय. सतरा वर्षांत तुमी एक खोटा सूर सोडला नाय, आणि आता एकदम साती सूर खाऊन बसलात.”

गुरुवारी सचिव आले, लोर्ना आली, ओदिलों आला. मी एकेक पट्टी दाबली. सात वेळा शांतता. ओदिलोंने दोन्ही हात पसरले.

“मी म्हटले नव्हते?”

“धूळ,” मी सांगितले. “बाहेर खोदकाम चालू आहे. लहान नळ्यांत बसते. वेळेवर साफ केले नाही, ही माझी चूक.”

“पण गेल्या आठवड्यात बोलत होत्या,” लोर्ना म्हणाली.

“गेल्या आठवड्यात वादळ नव्हते.”

तिने माझ्याकडे पाहिले. रुग्णाने औषध घेतले म्हणून सांगावे आणि गोळी उशीखाली दिसावी, तेव्हा परिचारिका जसे पाहते तसे. मग तिने मान हलवली आणि स्वरलिपीचा कागद उघडला. सचिवांनी मात्र मला सोडले नाही. निष्काळजीपणाबद्दल माझ्या कंपनीला एक पत्र गेले. सदतीस वर्षांत माझ्याविरुद्ध आलेले ते एकमेव पत्र. मी त्याची प्रत मागून घेतली.

“कार्यक्रमाआधी दुरुस्त कराल ना, मास्तर?” ओदिलोंने विचारले.

“आता साफ केल्या तर पुन्हा धूळ बसेल. कार्यक्रम होईपर्यंत तशाच राहू द्या. खालच्या नळ्या भरपूर आहेत.”

खोटे एकदा बोलून भागत नाही. त्याची देखभालही करावी लागते, आणि देखभाल हा माझा धंदाच होता.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “यल्ला, चला, तालीम.”

कार्यक्रमाच्या दिवशी, शुक्रवारी, हसनने सकाळपासून बावीस अंश धरून ठेवले होते. बटणाच्या कुलपाची किल्ली त्याच्या गळ्यात होती. पाहुणे आले. जागा भरली. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसलो. काही बिघडले तर उठायला सोपे.

काही बिघडले नाही. शेवटची रचना ओदिलोंने स्वतः ऑर्गनवर घेतली. हात पट्ट्यांवर, पाय खालच्या पट्ट्यांवर, आणि वृंदाला तो चालवीत होता नुसत्या मानेने आणि आरशातल्या भुवयांनी. शेवटच्या संगतीला त्याने त्या बारीक नळ्यांचाही दांडा ओढला. माझ्या ते लक्षात आले. जुनी सवय, मला वाटले. बोळे घातलेल्या नळ्या काय बोलणार? मग तो शेवटचा सूर त्याने धरला, आणि सोडीचना. क्वामेचा आवाज संपत आला, बाकीच्यांचे चेहरे लाल झाले, तरी म्हातारा धरून बसला होता. आरशातून तो एकटक मागे पाहत होता. मग सोडला.

लोक उभे राहिले. मीही उठलो, कारण समोरचे काही दिसत नव्हते.

“मास्तर, आज पाखरं काय ओरडली!” हसन मागून येऊन म्हणाला.

तो बायकांच्या आवाजाविषयी बोलत आहे असे मला वाटले. मी मान डोलावली.

ओदिलों घाम पुसत आला. “कसे झाले?”

“चालेल.”

तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेला. पुढच्या आठवड्यात कुटुंबासह त्याचे विमान होते. मी निरोपाला गेलो नाही. विमानतळाचा रस्ता त्या दिवशी बदलला होता, आणि असे निरोप मला जमत नाहीत.

तो गेल्यावर मी बोळे काढायला ऑर्गनमध्ये शिरलो. साती नळ्या मोकळ्या होत्या. खाली फळीवर स्वरलिपीच्या कागदाचा एक तुकडा अंथरलेला होता. त्यावर सात बोळे लहानमोठ्या क्रमाने ओळीत मांडलेले. कागद उडू नये म्हणून वर त्याचे पदक ठेवलेले. पदकाखाली पेन्सिलीने तीन वाक्ये होती: ‘मास्तर, कतारची धूळ इतकी पांढरी नसते. हे तुमचे परत. शुक्रवारी यांची गरज पडली नाही.’

मी बाहेर आलो. हसन शिडीवर होता.

“हसन, शुक्रवारी या नळ्या बोलत होत्या?”

“मग मी काय सांगत होतो तुमाला? पाखरं ओरडली म्हणून? सकाळीच तो गोरा म्हातारा आत घुसला होता. मला म्हणाला, मास्तरला सांगू नको. मी म्हटलं, मी एसीवाला, मला काय कळतंय.” तो शिडीवरून उतरला. “तुमी तिसऱ्या रांगेत होताव ना? तुमाला नाय ऐकू आली?”

मी पिशवीतून यंत्र काढले. त्याला पट्ट्यांपाशी बसवले आणि पुन्हा आत शिरलो. शेवटच्या नळीपासून वीतभर अंतरावर कान धरला. एका हातात यंत्र होते.

“दाब,” मी म्हणालो.

काटा मध्यावर आला आणि स्थिर उभा राहिला. आत शांतता होती. पुरती शांतता.

“दाबलेस का?”

“मास्तर, बोट दुखायला लागलं माजं.”

मी खालची नळी घेतली. तिच्या खालची. सातवीला मला काहीतरी ऐकू आल्यासारखे वाटले. मग तो माझाच श्वास आहे हे कळले.

काट्यावर विसंबून राहिलो होतो ती वर्षे मी बाहेर येऊन मोजली. ती काही थोडी नव्हती. ओदिलोंचा कान गेला म्हणून मी साती नळ्यांचे तोंड बंद केले, आणि माझे तोंड कोणी बंद केले नव्हते. ‘मेलेल्या नाहीत’ असे मी चाळीस माणसांदेखत ठणकावून सांगितले होते. त्या माणसाने निदान खरे काय ते सांगितले होते. त्याला त्या ऐकू येत नव्हत्या. मी काटा पाहून ऐकल्याचे सांगत होतो.

महिन्याभरात राजीनामा दिला. कंपनीने कारण विचारले. वय, असे लिहिले. विश्वचषकाचा पहिला सामना मी सांगलीत, लेकाच्या घरी पाहिला. नातू म्हणाला, “आजोबा, आवाज किती मोठा लावलाय!” मला तो बेताचा वाटत होता.

गेल्या दिवाळीत ओदिलोंचा फोन आला. तो आपल्या त्या किनाऱ्यावरच्या गावी असतो. नवा वृंद केला आहे. पाच म्हाताऱ्या, एक पोस्टमन, एक पाववाला. आम्ही दोघे मोठ्याने बोलत होतो. सून आतून म्हणाली, “बाबा, हळू. समोरच्या फ्लॅटमधल्यांना फ्रान्सची सगळी बातमी कळली.”

मी त्याला विचारले, “तो शेवटचा सूर इतका लांबवला कशाला?”

“तुमच्यासाठी,” तो म्हणाला. “कापूस काढला होता. मला ऐकू येणार नव्हते, पण तुम्हाला येईल, तुम्ही दचकाल, ते आरशात पाहायचे होते. मी वाट बघत राहिलो. तुम्ही दगडासारखे बसला होता. आधी वाटले, काय हा माणूस, किती धीराचा. मग लोर्नाने डोळे मिटले, तुमच्या शेजारच्या बाईने कपाळ धरले, आणि तुम्ही घड्याळ पाहिलेत. तेव्हा कळले.”

“सांगितले का नाहीत?”

“तुम्ही सांगितले होते?”

फोनमध्ये खरखर होती. ती मला ऐकू येत होती.

“पण एक सांगा, मास्तर,” तो म्हणाला. “चाळीस माणसांना विचारले. सगळी म्हणाली, सुंदर. त्यांचे मी धरत नाही. ती माझी माणसे. लावला तुम्ही. तो सूर बरोबर होता का?”

“काट्यावर बरोबर होता,” मी म्हणालो.

“चालेल,” तो म्हणाला.